कानउघाडणी काढून टाकताना

आमच्या फ्रेमवर्कमध्ये कुणालाही एका फटक्यात हाकलत नाहीत. एखादी जुनी सोय काढायची ठरली, की आधी एका आवृत्तीत तिच्या गळ्यात पाटी अडकवायची: ही जाणार आहे, नव्यानं वापरू नका. पुढच्या आवृत्तीत ती आपणहून चालू होत नाही. ज्याला हट्टच असेल त्यानं चालू करून घ्यायची. त्याच्या पुढच्या आवृत्तीत ती नसते. याला आम्ही डेप्रिकेट करणं म्हणतो. कोडला एवढी मुदत मिळते. माझ्या नवऱ्याला नाही मिळाली. ऑफिसच्या जिन्यात बसला, बरोबरच्याला म्हणाला, "जरा दम लागलाय, तू हो पुढे," आणि तो पुढे झाला तेवढ्यात सगळं संपलं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. वेबसाइट बांधताना दर वेळी पायापासून खणत बसायला नको, म्हणून कुणीतरी आधीच उभा करून ठेवलेला सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. आमचा पायथन या भाषेत लिहिलेला आहे. तो सांभाळणारे आम्ही मूठभर, आपापल्या नोकऱ्या करून, आपापल्या गावी बसून. वापरणारे हजारो, आणि त्यातले निम्मे धर्माची गाय मिळाल्यावर दात मोजायला बसलेले. मला राग लवकर येतो. म्हणून लोकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायचं काम टीमनं माझ्याकडून काढून घेतलं आणि नव्या आवृत्त्या बाहेर सोडायचं काम दिलं. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही.

नवऱ्याचं उलट. त्याला बोलायला कारण लागायचं नाही. टीममध्ये त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण कुणी चूक केली की हा ती दुरुस्त करून गप्प बसायचा नाही, समजावत बसायचा, आणि समजावता समजावता समोरच्याची यथेच्छ टिंगल करायचा. आश्चर्य म्हणजे कुणाला राग यायचा नाही. मी तेच बोलले असते तर लोक फ्रेमवर्क सोडून गेले असते.

पायथनमध्ये चूक केली की मशीन एक कोरडी इंग्रजी ओळ तोंडावर फेकतं. नवखा माणूस ती वाचून आणखीच गोंधळतो. मास्तरनं त्याच्यावर एक सोय लिहिली. चूक झाली की स्क्रीनवर एक पान उघडायचं. चूक कुठल्या ओळीत आहे, त्या क्षणी कशात काय भरलेलं होतं, हे सगळं त्यावर दिसायचं. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, आपल्या भाषेत, मास्तर बोलायचा. नाव चुकीचं लिहिलं तर: "'मापं' नावाचं इथे कुणी राहत नाही. शेजारी 'माप' राहतं. त्याच्याकडे आला होतास का?" अवतरण चिन्ह उघडून तसंच सोडलं तर: "लेका, उघडलंस तू, बंद कोण करणार? तुझे वडील?" एखादं फंक्शन, म्हणजे कोडचा नाव दिलेला तुकडा, स्वतःलाच बोलावत सुटलं तर: "हे स्वतःलाच हाका मारतंय आणि स्वतःच ओ देतंय. घरात अशी माणसं असतात, कोडमध्ये नकोत." एकाच चुकीला पुन्हा पुन्हा तेच बोलायला लागू नये म्हणून त्यानं दर चुकीसाठी दोन-तीन वेगवेगळे संदेश लिहून ठेवले होते. सोयीचं कागदोपत्री नाव भलतंच लांब होतं. सगळे तिला कानउघाडणी म्हणायचे.

माझ्या सासूबाई शिवणवर्ग चालवतात. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीनं ओळीनं मांडलेली, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली ब्लाउजची पेपर कटिंग, जमिनीवर सतत दोऱ्याचे तुकडे. वर्गाची वेबसाइट मास्तरनं बांधून दिली होती: कुठल्या तुकडीची वेळ काय, उद्या काय कापड आणायचं, आणि प्रत्येकीची मापं, तिची तिला दिसतील अशी. बांधून दिली आणि पुढे हात वर केले. "आई, तुझं तू बघ. मी दर वेळी येणार नाही." मग त्यानंच त्यांना शिकवलं. घरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइटची एक नक्कल ठेवून दिली. बदल आधी तिथे करायचा, नीट चालला की मग बाहेर लावायचा. ज्या बाईला दोन खोल्यांपलीकडून कळतं की कुणाची शिवण वाकडी चालली आहे, तिला स्वल्पविराम काय कठीण. तरी चुकायच्या, आणि चुकल्या की वर लेकाचं बोलणं यायचं.

"मला लेका म्हणतो!" आई ओरडायच्या. "मला! ज्याला मी नाक पुसायला शिकवलं तो!"

"सगळ्यांनाच म्हणतो तो, आई," हा आतून सांगायचा. "तुझ्यासाठी वेगळं लिहू का?"

"नको. तेच बरंय. निदान घाबरून तरी नीट लिहीन."

तो गेल्यावर कितीतरी दिवस कॉम्प्युटर कुणी उघडला नाही. आईंनी वर्ग मात्र एक दिवस बंद ठेवला नाही. पाहुणे बसलेले असतानाही मशीनं चालू होती, आणि लोकांनी त्यावरून नाकं मुरडली. मुरडू देत. मी त्याचे शर्ट लगेच देऊन टाकले होते, त्यावरूनही मुरडली होती. मला त्याची कुठलीच वस्तू समोर नको होती. प्रत्येकाची रडायची रीत वेगळी असते, आणि इतरांना ती नेहमीच चुकीची वाटते.

मग एका दुपारी पुढच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. वर्ग सुटला होता, मुली गेल्या होत्या, घरात आम्ही दोघीच. अति दुःखानं माणसाचं डोकं फिरतं असं ऐकून होते. धावत गेले तर आई कॉम्प्युटरसमोर, चष्मा कपाळावर, पदरानं डोळे पुसत हसताहेत.

"काय झालं?"

"स्वल्पविराम काढला," त्या म्हणाल्या. कपाटातला खाऊ चोरताना सापडलेल्या पोरीचा चेहरा. "मुद्दाम काढला. बघ ना काय म्हणतोय."

मी बघितलं नाही. मी चिडले. असलं काही करायची काय गरज, झालेलं परत येत नाही, असं काहीबाही बोलले आणि निघून आले. मला त्याचा आवाज ऐकवत नव्हता, आणि त्या पानावरचं प्रत्येक वाक्य त्याच्या आवाजातच वाचलं जायचं. पण दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मीच दाराशी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "आज काय म्हणाला?"

त्यानंतर तो आमचा नेमच झाला. शेवटची मुलगी चपला घालून गेली की आई हात धुऊन कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि एक चूक करायच्या. रोज एकच. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकायची. सगळे संदेश एकाच फाइलमध्ये आहेत, ती फाइल कुठे आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ती कधी उघडली नाही. "सगळं एकदम वाचलं तर मग त्याला बोलायला काय उरलं?" असं म्हणाल्या. न ऐकलेलं काही बाकी आहे तोवर तो अजून बोलतोय, असा त्यांचा साधा हिशेब होता. मी प्रोग्रामर आहे. त्या फाइलची शेवटची ओळ मला माहीत होती. मी तोंड बंद ठेवलं.

संपायचं ते संपलंच. एक दिवस आई म्हणाल्या, "आज कालचंच बोलला." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आजही." मग त्या पेटल्या. नसत्या फाइली मागवू लागल्या, शून्यानं भागू लागल्या, ओळी मधोमध तोडू लागल्या. चूक करायलाही डोकं लागतं, आणि आईंनी त्या दिवसांत केल्या तशा चुका मी आमच्या टीममधल्या भल्याभल्यांना करताना पाहिलेल्या नाहीत. तरी वर तेच जुनं वाक्य. त्या ते शेवटपर्यंत वाचायच्या, जणू या वेळी शेवट वेगळा असेल, आणि मग शांतपणे स्वल्पविराम जागच्या जागी ठेवायच्या. मला ते बघवेना.

म्हणून मी लिहिलं. फक्त आईंच्या नकलेत, बाहेर कुठे नाही. जुन्या संदेशांच्या खाली रोज माझा एक नवा संदेश घालू लागले, आणि तोच आधी निवडला जाईल अशी सोय केली. त्याच्यासारखं लिहायला त्याच्यासारखं बोलावं लागायचं. खोलीत एकटीच बसून मी त्याच्या चालीत मोठ्यानं "लेका" म्हणून बघायची, वाक्य तोडायची, पुन्हा म्हणायची. मध्येच जमून जायचं आणि मीच हसायची. तो गेल्यापासून मी हसलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

पहिल्या संदेशाच्या दिवशी मी दारात श्वास धरून उभी. आईंनी चूक केली. पान उघडलं. आईंचा हात माउसवर तसाच. मग खो खो हसल्या, नेहमीपेक्षा मोठ्यानं, आणि म्हणाल्या, "बघितलंस? अजून होतं त्याच्याकडे!" मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले, पण ते रडणं चांगलं होतं. असं पुढे बरेच महिने चाललं. कुणी याला फसवणूक म्हणेल. म्हणोत बापडे.

मग टीममध्ये कानउघाडणीचा विषय निघाला. चष्मेवाला म्हणून आमच्यात एक नवा मुलगा आला आहे, हुशार आहे, डोळ्यात तेल घालून दुसऱ्यांच्या कोडमधली भोकं शोधतो. त्यानं दाखवून दिलं की चूक झाल्यावर उघडणारं ते पान फक्त बांधणाऱ्यासाठी आहे, पण लोक वेबसाइट जगासमोर ठेवताना ते बंद करायला विसरतात. मग कुणीही यावं, मुद्दाम काहीतरी वेडंवाकडं मागावं, आणि त्या पानावर कशात काय भरलंय ते आरामात वाचावं: पासवर्ड, पत्ते, सगळं. घर सताड उघडं. शिवाय पायथनच्या नव्या आवृत्तीत चुका कळवायची आतली पद्धतच बदलली होती. मास्तरनं ज्या कोपऱ्यात पाय रोवून ही सोय उभी केली होती, तो कोपराच आता राहिला नव्हता.

मी कितीतरी रविवार घातले. भोक बुजवायला गेले की पान कोरं पडायचं, पान सांभाळायला गेले की भोक मोठं व्हायचं. सगळं नव्यानं लिहावं लागलं असतं आणि जन्मभर सांभाळावं लागलं असतं. दुसऱ्या कुणाची सोय असती तर मी आदल्या दिवशीच काढा म्हणाले असते.

मीटिंगमध्ये स्क्रीनवर सगळ्यांचे चेहरे चौकटींत, आणि सगळे खाली बघत होते. चष्मेवाल्यानं मुद्दे मांडले आणि घसा खाकरला. शेवटी थोरले बोलले. थोरले म्हणजे ज्यांनी हे फ्रेमवर्क सुरू केलं ते. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं करू. तुम्ही राहू दे म्हणालात तर राहू दे."

मला त्या सौजन्याचा इतका संताप आला. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात मी जिंकते. हजारो लोकांची दारं उघडी पडली आहेत आणि हे माझं मन राखायला निघालेत! मास्तर असता तर त्यानंच थोरल्यांची कानउघाडणी केली असती.

"काढा," मी म्हणाले. "नियम आहे तो आहे. नोटीस मी लिहिते."

आमच्याकडे डेप्रिकेशनच्या नोटिशीला तीन गोष्टी लागतात. काय जाणार, कधी जाणार, आणि त्याऐवजी काय वापरायचं. तिसरी नसेल तर नोटीस मंजूर होत नाही. हा नियम मीच आणला होता, कारण लोकांचा आधार काढून घ्यायचा आणि पर्याय सांगायचा नाही याची मला चीड आहे. पहिल्या दोन ओळी मी पटकन लिहिल्या. ही सोय यापुढे वापरू नये. अमुक आवृत्तीत ती काढली जाईल. आणि मग "त्याऐवजी" असा शब्द टाइप केला आणि बसून राहिले. पायथनच्या स्वतःच्या एररची ओळ वापरा असं लिहायचं होतं. तेच बरोबर होतं. तेवढे चार शब्द माझ्या बोटांतून उतरेनात. त्याऐवजी काय? कुठे मिळतं त्याऐवजी? मी लिहिलं, "त्याऐवजी काही नाही," आणि पाठवून दिलं.

मंजुरी थोरल्यांकडे होती. बारीकशा चुकीला पानभर शेरा लिहिणारा माणूस. त्यांनी एक शब्द न बोलता मंजूर केलं.

नवी आवृत्ती आली की आईंच्या कॉम्प्युटरवर मीच लावते. या वेळी नाही लावली असती तर कुणाला कळलं असतं? पण ते लबाडीचं झालं असतं, आणि माझ्या खात्यावर एक लबाडी आधीच होती. लावली. त्या दुपारी वर्ग सुटला, आई हात धुऊन बसल्या, चूक केली. पान उघडलं. वर माझ्या लेखणीतला मास्तर, आणि त्याच्या खाली पिवळ्या पट्टीत ती नोटीस, म्हणजे पुन्हा मीच.

आईंनी चष्मा सारखा करून पिवळी पट्टी वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे कोणी लिहिलं?"

"मी."

"जाणार हे?"

"हो. लगेच नाही. अजून एक आवृत्ती मध्ये आहे." आणि मग मी त्यांना भोकाचं सांगितलं. कुणीही बाहेरून काय काय वाचू शकतं ते सांगितलं.

"म्हणजे मुलींची मापंसुद्धा?"

"आपली वेबसाइट मी बंद करून ठेवली आहे नीट. पण ज्यांनी नाही ठेवली त्यांच्याकडे, हो, मापंसुद्धा."

"मग काढायलाच पाहिजे," आई ताडकन म्हणाल्या. "एकीचं माप दुसरीला कळू द्यायचं नाही. टेप हातात घ्यायच्या आधी मी हे शिकवते. त्यात विचारायचं काय?"

मला वाटलं होतं त्या रडतील, निदान थोडं थांब म्हणतील. मीच घाईघाईनं म्हणाले, "पण आई, तुमच्यासाठी मी जुनी आवृत्ती ठेवते. या एका कॉम्प्युटरवर, नेटशिवाय, मुलींची नावं काढून टाकून. इथे काही धोका नाही. तुम्हाला हवं तितके दिवस तो..."

"कशाला?"

"कशाला म्हणजे?"

आईंनी मांडीवर पडलेला एक दोरा उचलला आणि बोटाला गुंडाळला. "त्याचं तर कधीच संपलंय गं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं लख्ख पडतं.

"पहिल्याच वेळी कळलं मला," त्या म्हणाल्या. "काय लिहिलं होतंस? आधी घोटभर पाणी पी, मग तिसरी ओळ बघ. अगं, त्यानं जन्मात कधी मला पाणी पी म्हटलं नाही. पाणी दे म्हणायचा. पाणी पी तू म्हणतेस, रोज, मी मशीनवर बसले की."

"मग तुम्ही हसलात का?"

"तू दारात उभी होतीस ना."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं की मला आधी काही कळलंच नाही. मग एकेक करून सगळं आठवायला लागलं. माउसवर तसाच राहिलेला तो हात. नेहमीपेक्षा मोठं हसणं. त्या हसत होत्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडत होते.

"आई," मी म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला..."

"माहितेय काय वाटलं. वाईट नव्हते तुझे. ते सुई-दोऱ्याचं होतं ना, 'दोरा न ओवता सुई चालवलीस, नुसती भोकं पडली', ते तर त्याला सुचलं नसतं. मी वर्गात सांगितलं ते मुलींना." त्या थोडं हसल्या. मग दोरा बोटावरून सोडवत म्हणाल्या, "पण त्याचे नव्हते. पहिला वाचला आणि कळलं, आता हा बोलणार नाही. हॉस्पिटलात कळलं होतं तेव्हा माणसं होती भोवती. या वेळी एकटीच होते. त्या दिवशी तो मला दुसऱ्यांदा गेला."

मी त्यांच्या पायाशी बसले. खाली टाचण्या पडलेल्या असतात, बघून बसावं लागतं. मी न बघता बसले. मला त्यांची क्षमा मागायची होती. ज्या गोष्टीतून त्यांना सोडवायला गेले, तीच मी त्यांच्या हातात नेऊन ठेवली होती, आणि वर दारात उभी राहून त्यांच्याकडून हसू वसूल केलं होतं. मरण एकदाच येतं म्हणतात. आईंना मी ते दोनदा दाखवलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? इतके महिने रोज चुका करत बसलात."

"तू आतल्या खोलीत लिहायचीस तेव्हा आवाज यायचा बाहेर," आई म्हणाल्या. "लेका, लेका करत. मग हसायचीस. मी इथे मुलींना काज-बटण शिकवत असायची आणि कान तिकडे. म्हटलं, पोरगी हसतेय. मी सांगितलं असतं तर तू लिहायचं थांबवलं असतंस. मग काय केलं असतंस तू? भिंतीकडे बघत बसली असतीस, आधी बसायचीस तशी." त्यांनी माझ्या केसांत अडकलेला कापसाचा तंतू काढला. "एक स्वल्पविराम काढायचा नि घालायचा, त्याला काय कष्ट पडतात."

त्यांनी त्या दिवशीचा स्वल्पविराम जागेवर ठेवला. पान नीट चालू झालं, उद्याच्या तुकडीची वेळ दिसू लागली. त्यानंतर आई मुद्दाम कधी चुकल्या नाहीत, आणि मी काही लिहिलं नाही. वर्ग सुटल्यावरचा तो वेळ मात्र दोघींनाही कुठे घालवावा ते कळेना. आई जमिनीवरचे दोरे वेचत राहायच्या. मी उगाच भांडी इकडची तिकडे करायची. एकमेकींना चुकवत होतो म्हणा ना.

मधली आवृत्ती आली आणि गेली. चालू करून घ्यायची सोय होती, पण हजारोंतल्या मोजक्याच लोकांनी ती करून घेतली. मग काढायची आवृत्ती आली. टीममध्ये थोरले म्हणाले की कोड चष्मेवाला काढेल, वहिनींनी त्रास घेऊ नये. मी म्हणाले, कुणी हात लावायचा नाही. मीच काढणार.

सकाळची वेळ होती. आईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मी बसू का तिथे?" आणि एका मुलीच्या परकराची खालची पट्टी कच्च्या टाक्यांनी दुमडत माझ्या टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसल्या. मी एकेक फाइल उघडली. त्यानं लिहिलेल्या ओळी, मध्ये मध्ये स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा: "हे कुरूप आहे पण चालतंय", "इथे नंतर येऊन बघ". मी सगळं शेवटचं वाचून घेतलं. संदेशांची फाइल आईंना विचारून काढली. "वाचून दाखवू का एकदा?" असं मी म्हणाले, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग ती फाइलही गेली.

असं काही काढलं की पुढे टेस्ट चालवाव्या लागतात. टेस्ट म्हणजे फ्रेमवर्कचा प्रत्येक सांधा तपासणारा छोटा छोटा कोड. काही मोडलं असेल तिथे लाल, ठीक असेल तिथे हिरवं. इतकी जुनी गोष्ट उपटली की तिच्या मुळांबरोबर बरंच काही वर येतं. साधी तारीख लिहायची एक जुनी सोय काढली होती तेव्हा निम्मं फ्रेमवर्क लाल झालं होतं आणि मी आठवडाभर सगळ्यांवर खेकसत होते. या वेळी मी तयारी ठेवली होती. खरं सांगायचं तर मी लाल व्हायची वाट बघत होते. कुठेतरी काहीतरी त्याच्या आधारानं उभं असेलच. ते पडेल, मग मी ते उभं करत बसेन, आणि माझे पुढचे कितीतरी दिवस त्याच्या राहिलेल्या कामात जातील.

टेस्ट सुरू झाल्या. हिरवं, हिरवं, हिरवं. शेवटपर्यंत हिरवं.

मला वाटलं काहीतरी चुकलं. पुन्हा चालवल्या. मग काढलेला कोड खरंच गेलाय ना ते तपासलं. गेला होता. पुन्हा चालवल्या. एकही लाल नाही. त्यानं ती सोय अशी वेगळी, अशी सुटसुटीत बांधली होती, की तिचा भार कुठेही दुसऱ्या कशावर नव्हता आणि दुसऱ्या कशाचा तिच्यावर नव्हता. काढताना कुणाची भिंत पडू नये असं तो सगळ्यांना शिकवायचा, आणि स्वतः तसंच करून गेला होता. चांगला कारागीर होता. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की मी टेबलावर हात आपटला. असं बांधतात? मागे एक खिळासुद्धा सैल होऊ नये असं?

आईंनी दचकून सुई थांबवली. "काय झालं? मोडलं का काही?"

"नाही, आई."

"मग?"

"काहीच मोडलं नाही." मी स्क्रीनकडे बोट दाखवलं. "तो अख्खाच्या अख्खा काढला, आई, आणि कुठे काही मोडलं नाही. सगळं जसंच्या तसं चाललंय."

आईंनी मांडीवरचा परकर बाजूला ठेवला. स्टूल ओढून माझ्या अगदी जवळ आल्या आणि स्क्रीनवरच्या त्या हिरव्या ओळी वरपासून खालपर्यंत बघितल्या.

"त्या कॉम्प्युटरला काय कळतंय," त्या म्हणाल्या, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.